कुठलं घर कुणाचं

बोईसरच्या एका कापड कारखान्यात मी मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. धुळ्याकडून आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता माझी मुलगी कॉलेजला जाते. मधली सगळी वर्षं मोटारी, पॅनेल आणि जळके कॉन्टॅक्टर यांच्यात गेली. घरांची वायरिंग अशी मी फारशी केलीच नव्हती. शेजाऱ्याचा पंखा, मेहुण्याचा गीझर, एवढंच.

कारखान्यातला एक सोबती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "पाम गावात काही घरं बांधतायत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी. त्यांचा वायरमन काम अर्धं टाकून गेला. तू बघून येशील का? मजुरी मिळणार नाही."

मी म्हटलं, बघून यायला काय जातं. बायको मात्र म्हणाली, "आठवड्यातून एक सुट्टी मिळते, त्या दिवशीपण वायरीच का?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी गेलो.

वीजप्रकल्पातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आणि त्यांचे चार-पाच मित्र मिळून ते काम चालवत होते. सगळे त्यांना साहेब म्हणत, पण ते डोक्याला पंचा गुंडाळून विटा मोजून घेत होते, त्यामुळे मी पहिल्यांदा त्यांनाच विचारलं, साहेब कुठं भेटतील. जमीन थोडी उताराची होती. खालच्या अंगाला घरांची एक ओळ, वरच्या अंगाला दुसरी. वरच्या घरांचं जोतं उंच, त्यांना पायऱ्या. स्लॅब पडले होते, प्लास्टर चालू होतं. गवंडी दोनच. बाकी सगळं काम ज्यांना तिथं राहायला जायचं होतं तीच माणसं करत होती. कुणी कंपनीत कंत्राटी कामगार, कुणी कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी, कुणी रिक्षावाला. पाळी संपली की यायचे, पाट्या उचलायचे, भिंतींवर पाणी मारायचे.

मी सहज विचारलं, "यातलं कुणाचं घर कुठलं?"

साहेब म्हणाले, "ते कुणालाच माहीत नाही. सगळं पूर्ण झालं की चिठ्ठ्या टाकणार."

"मग काम नीट करतात का लोक?"

"म्हणून तर नीट करतात. माझं घर हे, असं आधी कळलं असतं तर जो तो आपल्याच भिंतीला पाणी मारत बसला असता. आता कुठलंही घर आपलं असू शकतं. कच्चं ठेवायचं कुठलं?"

मला हे पटायला थोडा वेळ लागला. पण मी एका बाईला सिमेंट कालवताना बघितलं. वाळूतला एकेक शंख-शिंपला वेचून बाजूला टाकत होती. कुणाच्या घराचं सिमेंट होतं ते, तिलाही ठाऊक नव्हतं. मी पुढच्या सुट्टीला हत्यारांची पिशवी घेऊन आलो.

हाताखाली कुणी तरी लागणार होतं. वायर ओढायचं काम एकट्याचं नाही, एकानं आत सोडायची, दुसऱ्यानं पलीकडून खेचायची. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, तेव्हा तीच शिंपले वेचणारी बाई पुढं आली.

"मला लावा दादांच्या हाताखाली."

साहेब म्हणाले, "तुम्ही? अहो, तुम्ही तर विजेच्या बटणाला हात लावत नाही."

"म्हणून तर," ती म्हणाली.

तिची गोष्ट मला नंतर थोडी थोडी कळली. माहेर दातिवऱ्याचं, कोळ्याघरची. नवरा सालवडजवळच्या एका कारखान्यात माल चढवायच्या कामाला, म्हणून लग्नानंतर सालवडला खोलीत राहायला आली. सकाळी बोईसरच्या बाजारात मासे विकायची आणि दुपारी इकडं यायची. ज्या चाळीत राहत होती तिथं पत्र्याच्या भिंती, त्यावरून उघड्या वायरी गेलेल्या. एका पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या तारेला तिनं हात लावला आणि फेकली गेली. तळहातावर चरा उठला होता, तो मी पाहिला आहे. जीव वाचला, पण भीती बसली. तेव्हापासून घरात दिवा लावायचा तर नवऱ्याला सांगायची, नाही तर बांबूच्या काठीनं बटण दाबायची.

"बारा महिने नवरा घरात थोडाच असतो," ती मला म्हणाली. "नव्या घरात बी काठी घेऊन फिरू का मी? मला कळायला पायजे, ती येते कुठून आन जाते कुठं."

ती म्हणजे वीज. विजेबद्दल ती कायम असंच बोलायची, जशी एखादी कजाग जाऊ.

पहिल्या दिवशी मी तिला वायरींची बंडलं उलगडायला दिली. अजून लाइटचा पत्ता नव्हता, नुसत्या वायरी. तरी तिनं आधी पदरानं हात कोरडे केले. लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी बघून तिनं विचारलं, "ही हिरवी कशाला? आमच्या खोलीत दोनच हायत."

मी म्हटलं, "लाल वायरीनं ती येते, काळीनं परत जाते. कधी वाट चुकली, पत्र्यात किंवा फ्रिजच्या अंगात शिरली, तर हिरवी तिला सरळ जमिनीत नेते. माणसाच्या अंगातून जाऊ देत नाही."

तिनं ती हिरवी वायर बोटांत धरून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे ही असती तर मला कायबी झालं नसतं."

"नसतं झालं बहुतेक."

"आन ही लावत का नाय लोक?"

"वायरीचे पैसे वाचतात," मी म्हटलं. ती पुन्हा विचारायच्या फंदात पडली नाही. पण त्यानंतर कुठल्याही बोर्डात हिरवी वायर कसली आहे की नाही हे ती स्वतः ओढून बघायची. मी कसलेली असली तरी.

हाताला तिच्या फार चांगलं वळण होतं. लहानपणी बापाची जाळी शिवलेली, त्यामुळे गाठ मारावी तर तिनं. पाइपातून स्प्रिंग घालून तिच्या टोकाला तीन वायरी बांधायच्या असतात. गाठ जाड झाली तर वळणावर अडकते, सैल झाली तर मध्येच सुटते. ती अशी चपटी गाठ मारायची की पाइपाला कळू नये. वायरींना पावडर फासायची, पलीकडच्या खोलीत जाऊन हाक मारायची, "सोडा दादा," आणि एका लयीत ओढायची. तिचं ओढणं बघून मला वाटायचं, ही वायर नाही, दोर ओढतेय होडीचा. मी तसं एकदा बोललो. ती म्हणाली, "होडीचा दोर तुमी कधी ओढलाय का? हे काय हाय त्याच्यापुढं."

खालच्या ओळीतल्या शेवटच्या घरात मात्र अडलं. ते घर सगळ्यांत बरं. तिन्ही बाजू मोकळ्या, पश्चिमेचा वारा, बाजूला अंगणाएवढी जागा. तिथं स्लॅब टाकताना पाइपात काँक्रीट शिरलं होतं. स्प्रिंग दोन्हीकडून घालून बघितली, जाईना. दुपार उलटून गेली. मी म्हटलं, "जाऊ दे ताई. छतावरून प्लास्टिकची पट्टी मारून त्यातनं वायर नेऊ. दिसायला जरा वाईट, पण चालतं."

ती छताकडं बघत म्हणाली, "रोज निजल्यावर कुणी तरी त्या पट्टीकडं बघणार."

"बघू दे. करंट तेवढाच येतो."

"नाय दादा. बाकीच्या घरांत नाय, मग ह्याच घरात का? जो राहील त्याला वाटंल, आपल्याच वाट्याला असं आलं."

तिनं घमेलं उलटं टाकलं, त्यावर स्टूल ठेवायला निघाली. मी ते काढून शिडी आणली. मग आम्ही दोघांनी छिन्नी-हातोडीनं अंदाजानं छत खणलं. वर बघून मान मोडायची वेळ आली, डोळ्यांत सिमेंट, तोंडात सिमेंट. एका जागी पाइप सापडला, तो मोकळा होता. जरा पुढं सापडला, तिथं काँक्रीटचा गोळा बसलेला. तो तुकडा कापून नवा जोडला. ओढलेली वायर पलीकडून बाहेर आली तेव्हा आमच्या दोघांच्या केसांकडं बघून प्लास्टर करणारे हसायला लागले. गवंड्यानं ते खणलेलं असं लिंपून दिलं की आज दाखवायचं म्हटलं तर मला जागा सापडणार नाही.

मला या कामाची गोडी अशीच लागली. कारखान्यात मशीन बंद पडलं की सगळे माझ्या डोक्यावर उभे असतात, चालू झालं की वळूनही बघत नाहीत. इथं एक बोर्ड बसला तरी माणसं येऊन हात फिरवून जायची. बायकोही पुढं पुढं डबा घेऊन यायला लागली आणि आली की विटांना हात लावल्याशिवाय जायची नाही. सुट्टीची तक्रार मग तिनं केली नाही.

अर्थिंगचे, म्हणजे हिरवी वायर जमिनीत उतरते ते खड्डे खणायला सगळेच जमले. खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळशाचा थर. कोळसा बारीक कुटावा लागतो. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून ते काम करत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांत राबलेले, आता पक्षाघातानं उजवं अंग गेलेलं. मुलगा ट्रकवर असायचा, बहुतेक वेळा बाहेरगावी. सून त्यांना रिक्षातून घेऊन आली होती. साहेब म्हणाले, "बाबा, तुमच्या घराच्या वाट्याचं काम सून करतेच आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?" त्यावर म्हातारे म्हणाले, "राहणार मी पण हाय ना?" आणि डाव्या हातानं संध्याकाळपर्यंत कोळसा कुटला. जाताना त्यांचा सदरा, हात, मिशा सगळं काळं झालं होतं. सून पुसायला गेली तर पुसू देईनात.

मीटर बसले त्या दिवशी मी प्रत्येक घर आधी यंत्रानं तपासून घेतलं. मग लाइट सोडायची वेळ आली. विजेची गळती झाली तर आपोआप बंद होणारा स्विच असतो, त्याला आम्ही ईएलसीबी म्हणतो. त्याची चाचणी करून दाखवली. बटण दाबलं, खाडकन खाली पडला. ती म्हणाली, "पुन्हा करा." पुन्हा केलं. "पुन्हा." मग मी म्हटलं, "आता तुम्ही करा."

शेवटच्या घराच्या पुढच्या खोलीत उभे होतो. तिनं स्विचवर बोट ठेवलं, तो पाडला, उचलून परत लावला. त्यानंतर दिव्याच्या बटणाकडं वळली. पदरानं हात परत एकदा कोरडे केले. दारात तिचा नवरा उभा होता, त्याला काही तरी बोलायचं होतं, पण मी डोळ्यांनीच नको म्हटलं. तिनं बटण दाबलं. दिवा लागला. तिनं बंद केला, परत लावला. आणि मग पंखा, मग स्वयंपाकघरातला दिवा, मग मोरीतला, असं एकेक बटण दाबत सगळ्या घरातून फिरली. नवरा मला हळूच म्हणाला, "पाच पावसाळे झाले, दादा. आज पयल्यांदा."

चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी कुणाच्या घरी स्वयंपाक झाला नसावा. सगळे सकाळपासून आले होते. कँटीनवाल्या बाईची लहान मुलगी डब्यातून चिठ्ठ्या काढत होती आणि साहेब वाचत होते. शेवटचं घर तिला निघालं. तिन्ही बाजूंनी मोकळं, अंगण असलेलं, जिथं आम्ही छत खणलं होतं ते. तिनं चटकन पदर तोंडाला लावला. नवऱ्यानं माझा हात धरून हलवला.

त्यानंतर थोड्याच वेळानं म्हाताऱ्यांची चिठ्ठी निघाली. वरच्या ओळीतलं मधलं घर. पायऱ्यांचं. सून त्या पायऱ्यांकडं बघत राहिली. म्हातारे मात्र म्हणाले, "चांगलं हाय. वर हवा चांगली लागंल."

कुणी तरी साहेबांना म्हणालं, बदलून द्या. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "मी एकाचं बदललं की दहा जण येतील. नियम सगळ्यांनी मान्य केलाय. दोन घरांनी आपसात राजीखुशीनं ठरवलं तर मी अडवणार नाही. पण मी कुणाला सांगणारही नाही."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मला ते बघणं आवडलं नाही. त्या घरावर तिचा जेवढा हक्क होता तेवढा कुणाचाच नव्हता. ती मान खाली घालून निघून गेली. किरकोळ कामं उरली होती, पण पुढच्या सुट्टीला ती आली नाही. नवरा आला होता. मला म्हणाला, "देवानं दिलेलं हाय, ते कशाला सोडायचं? तुमीच सांगा." मी म्हटलं, मी काय सांगणार.

त्याच्या पुढच्या सुट्टीला ती आली. आधी शेवटच्या घरात जाऊन एकटीच बसली. मी बाहेर मीटरपेटीला झाकण बसवत होतो, आतून बटणांचे आवाज येत होते. बाहेर येऊन म्हणाली, "दादा, जरा वरच्या घराच्या गच्चीवर चला."

गच्चीवर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. ऊन कुठून येतं ते बघितलं. खालच्या घरांवर दुपारनंतर शेजारच्या झाडांची सावली पडते, इथं पडत नव्हती. वाकून हातानं गच्ची चाचपली. "इथं एक दिव्याचा पॉइंट काढता येईल का?"

"येईल."

"मग चला," म्हणाली.

म्हातारे आणि त्यांची सून खाली सावलीत बसले होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, घर बदलायचं का? तुमी खालचं घ्या, मी वरचं घेते."

सुनेचे डोळे भरून आले. पण म्हातारे ताठ झाले. म्हणाले, "नाय. मला कुणाची दया नको, पोरी. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली, ते घर माझं. मी पण कोळसा कुटलाय इथं."

"दया कसली?" ती म्हणाली. "मला गच्ची पायजे. माझा धंदा मासळीचा. जवळा सुकवायला ऊन लागतं, ते वर हाय. खाली दुपारी सावली पडते, खोटं वाटत असंल तर दादांना विचारा. आन अजून एक. बोंबील गच्चीवर मावायचे नायत, त्यांना वारा मिळाला तरी भागतं, ते तुमच्या अंगणात बांबू रोवून टांगणार. वास मारंल. कावळे येतील, ते तुमी हाकलायचे. हे कबूल असंल तर बदलू. नायतर मी माझ्या घरात सुखी हाय."

म्हाताऱ्यांनी मिशीवरून डावा हात फिरवला. मग सुनेला विचारलं, "बोंबलाचा वास चालंल का तुला?" सून रडता रडता हसली. म्हातारे म्हणाले, "कावळे हाकलायचे तर रोजचे चार बोंबील मला पायजेत."

"दोन," ती म्हणाली.

असं ते ठरलं. तिला वरच्या उन्हाची खरंच गरज होती, हे खोटं नाही. पण त्या दोन आठवड्यांत सालवडच्या त्या खोलीत काय काय बोलणं झालं असेल, नवऱ्याला तिनं कसं वळवलं असेल, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "बोलला थोडं, मग गप झाला. मनानं वाईट नाय तो." देणाऱ्याचा हात वर दिसू नये एवढी काळजी घेऊन देणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत. मी तरी तशी पहिलीच बघितली.

सगळे राहायला गेले. मी गच्चीवर पॉइंट काढून दिला. वरच्या घराचं दार उघडलं की अजूनही पहिल्यांदा ती दिवा लावते, दिवस असला तरी, असं तिचा नवरा सांगतो. म्हातारे सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि डावा हात हलवत कावळ्यांना शिव्या देतात. दोनाचे चार बोंबील कधी झाले ते कुणालाच माहीत नाही.

आता दुसरीकडं, पालघरच्या बाजूला, अशाच घरांचं काम निघालं आहे. मी सुट्टीला जातो. तीही बाजार आटोपून येते, आणि मी उशिरा पोचलो तर पाइप आधीच मोजून ठेवलेले असतात.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. म्हाताऱ्यांच्या घरातला ईएलसीबी सारखा पडत होता. मी कामावर होतो, म्हटलं, पाळी संपली की येतो, तोवर कुणी हात लावू नका. संध्याकाळी पोचलो तर घरात सगळे दिवे चालू. तिनं एकेक वस्तू प्लगमधून काढून, परत एकेक लावून बघितली होती. मिक्सरमध्ये पाणी गेलं होतं. तो पुसून उन्हाची वाट बघत कपाटावर ठेवला होता.

"फोन करून सांगायचं ना, येऊ नका म्हणून," मी म्हटलं.

"चहा प्यायला तरी याल म्हणून नाय सांगितलं," ती म्हणाली.

सुनेनं चहा केला. म्हाताऱ्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि या वर्षीचे कावळे किती निर्लज्ज आहेत ते सांगत बसले. हत्यारांची पिशवी न उघडताच मी घरी परतलो.